प्रतिसाद: रीसेट ठीक, पण बंद पडलेल्या फोनचं काय?
जुना फोन देऊन टाकण्याआधी फॅक्टरी रीसेट मारला (म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा केला) की विषय संपला असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते नव्या फोनपुरतं पटतं. अँड्रॉइड ६ नंतरचे बरेचसे फोन डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा ठेवतात, रीसेट केला की किल्लीच पुसली जाते, मग मागे उरतो तो नुसता कचरा. त्याआधीच्या फोनांत मात्र हे सहसा बाय डिफॉल्ट नसायचं, तिथे पुसलेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघू शकतात.

पण घरात पडून असतात ते फोन मुळात चालूच होत नाहीत ना, रीसेट मारणार कुठून? डिस्प्ले गेला तरी आतली मेमरी चिप बहुतेकदा ठणठणीत असते. आमच्या आईने असाच एक डबडा फोन "फुटका मोबाईल, बंद मोबाईल" ओरडत येणाऱ्या बाईला देऊन प्लास्टिकचा टब घेतला, वर घासाघीस करून एक मगही मिळवला! रात्री माझ्या लक्षात आलं की मेमरी कार्ड आतच राहिलं, आणि त्यात आधार, पासबुक, सगळ्याचे फोटो. ती बाई काय परत दिसली नाही. आणि हो, चालू फोन रीसेट केला तरी कार्ड बहुतेक वेळा तसंच राहतं, ते आधी काढा.