दाखले समजावेत म्हणून सांगितले की समजू नयेत म्हणून? (मार्क ४:१०–१२)

प्रश्न

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत मी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवते. सध्या मार्ककृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय चालू आहे. देवाच्या राज्याच्या गहन गोष्टी साध्या माणसांना कळाव्यात म्हणून प्रभू येशूने बी, खमीर, मेंढरे, जाळे अशा रोजच्या वस्तू घेऊन दाखले सांगितले, असे मी आजवर मुलांना सांगत आले. बोलण्याला बळकटी यावी म्हणून आपण दाखला देतो, तसेच हेही असणार, असे मला वाटत असे. परंतु पेरणाऱ्याच्या दाखल्यानंतर लगेच येणारी वचने नेमके याच्या उलट बोलताना दिसतात. बाहेरच्यांना सर्व काही दाखल्यांनी सांगितले जाते, ते यासाठी की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये आणि ऐकूनही समजू नये, नाहीतर ते वळतील आणि त्यांना क्षमा होईल, असा त्या वचनांचा आशय आहे. वर्गातल्या एका मुलीने हे वाचून विचारले, “टीचर, लोकांना कळू नये असंच होतं, तर येशूने गोष्ट सांगितलीच कशाला?” मला उत्तर देता आले नाही आणि पुढच्या रविवारी सांगते, असे म्हणून मी वेळ मागून घेतला. मत्तयच्या तेराव्या अध्यायात हेच वाक्य जरा सौम्य वाटते. तरीही मार्कचे वाक्य टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने ज्या वचनापाशी बोट ठेवले आहे, तेथे मोठमोठे भाष्यकारही थबकले आहेत, म्हणून तिला आधी शाबासकी द्यावी. मी बरीच वर्षे पाळक म्हणून सेवा केली आणि या वचनांवर उपदेश करण्याचे पहिली काही वर्षे टाळले, हे येथे मोकळेपणाने सांगतो.

मत्तय आणि मार्क यांच्यातील जो फरक तुम्हाला जाणवला, तो मूळ ग्रीक भाषेतील एका लहानशा शब्दाचा आहे. मार्कमध्ये ‘हिना’ म्हणजे ‘यासाठी की’ हा शब्द आहे, तर मत्तय १३:१३ मध्ये ‘होती’ म्हणजे ‘कारण’ हा शब्द आहे. मत्तयच्या मांडणीत लोक आधीच पाहून न पाहिल्यासारखे करतात आणि म्हणून प्रभू दाखल्यांनी बोलतो. मार्कच्या मांडणीत न दिसणे हा जणू दाखल्यांचा हेतूच ठरतो. दोघांच्याही मागे यशयाचा सहावा अध्याय आहे. तेथे देव संदेष्ट्याला पाठवतानाच सांगतो की, लोक ऐकतील पण समजणार नाहीत. तरीही यशया गप्प बसत नाही, आयुष्यभर बोलत राहतो. ज्याला लोकांनी समजूच नये असे वाटते, तो इतकी वर्षे त्यांच्यापुढे उभा राहून कळवळून बोलणार नाही. म्हणून संदेशाचे जे फळ प्रत्यक्षात येणार होते, तेच हेतूच्या भाषेत सांगण्याची ही संदेष्ट्यांची रीत आहे, असे मला वाटते. देवाने मिसरच्या फारो राजाचे मन कठीण केले, हे वाक्यही मी याच रीतीने वाचतो.

परंतु माझ्या मते खरे उत्तर व्याकरणात नाही, मार्कच्याच पुढच्या पानांत आहे. याच अध्यायात दहा वचने पुढे दिव्याचा दाखला आहे आणि जे काही झाकलेले आहे ते प्रकट व्हावे म्हणूनच झाकलेले आहे, असे प्रभू तेथे म्हणतो. अध्यायाच्या शेवटी, लोकांच्या ऐकण्याच्या शक्तीप्रमाणे तो त्यांना दाखल्यांनी वचन सांगत असे, असे लिहिले आहे. बाराव्या अध्यायात दुष्ट माळ्यांचा दाखला ऐकून मुख्य याजक आणि शास्त्री यांना तो आपल्यालाच लागू आहे, हे स्पष्ट कळते. त्यांना समजले नाही असे मुळीच नाही. समजले, म्हणूनच ते त्याला धरायला टपले. आणि ‘आतल्यांचे’ काय? आठव्या अध्यायात तारवात बसलेले बारा शिष्य भाकरी नाहीत म्हणून आपसात बोलू लागतात, तेव्हा प्रभू त्यांनाच विचारतो की, डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय आणि कान असून ऐकू येत नाही काय. चौथ्या अध्यायात जे शब्द बाहेरच्यांसाठी होते, जवळजवळ तेच शब्द आता आतल्यांवर उलटतात. याचा अर्थ, आत आणि बाहेर यांच्यामधील रेघ कायमची ओढलेली नाही.

मग ही रेघ ठरते कशावरून? चौथ्या अध्यायातील दहावे वचन पाहा. जमाव पांगल्यावर बारा जणांबरोबर आणखी काही जण त्याच्याभोवती राहिले आणि त्यांनी दाखल्यांविषयी विचारले. त्यांनाही दाखला कळला नव्हता. फरक इतकाच की ते घरी गेले नाहीत. हिब्रू भाषेतील ‘माशाल’ या शब्दात उपमा, म्हण आणि कोडे हे तिन्ही अर्थ मावतात, आणि कोडे घातले की ऐकणारा एक तर सोडून देतो किंवा सोडवायला बसतो. दाखला ऐकणाऱ्याला याच दोन वाटांच्या तोंडाशी आणून उभा करतो.

उत्तर २

मी शेतकरी कुटुंबातला आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. लहानपणी हा दाखला ऐकताना मला त्या पेरणाऱ्याचा राग येत असे, कारण आमच्याकडे तिफणीने पेरतात आणि बी वाटेवर पडले तर वडील बोलत. पुढे पाळकांनी समजावले की, त्या देशात बी हाताने फोकून पेरत, त्यामुळे काही वाटेवर, काही खडकाळीवर आणि काही काट्यांत पडणारच. बी सगळीकडे एकच आहे आणि पेरणारा जमीन पाहून हात आखडता घेत नाही. त्याला कोणाला वंचित ठेवायचे असते, तर त्याने वाटेकडे मूठ उघडलीच नसती. चांगल्या जमिनीला तीसपट, साठपट, शंभरपट पीक येते, ते वाया गेलेल्या बियाण्याची भरपाई करून उरते. मुलांना हे सांगताना हाताने बी फेकून दाखवावे, असे मला वाटते.

उत्तर ३

मी वसईची असून आमच्या धर्मग्रामात प्रौढांच्या बायबल-वर्गाला मदत करते. वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरी ‘समजणे’ या शब्दाभोवतीच आपण फिरत आहोत, अशी शंका येते. मला वाटते, दाखल्याचे पहिले काम ऐकणाऱ्याकडून निवाडा करवून घेणे हे आहे, आणि तोही त्याच्या नकळत. याचा सर्वात स्पष्ट नमुना जुन्या करारात आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. ती श्रीमंताने हिरावून नेली, हे ऐकून दावीद संतापतो, तो मनुष्य मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरून द्यावे, असे म्हणतो, आणि मग नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” हेच नाथानाने थेट सांगितले असते, तर राजाने स्वतःचा बचाव केला असता. गोष्टीने त्याला आधी न्यायाधीश केले आणि मग आरोपी.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही हेच घडते. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला दोघे टाळून जातात आणि एक शोमरोनी मदत करतो, ही गोष्ट सांगून तो उलट विचारतो की, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? शास्त्री उत्तर देतो, परंतु यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या लोकांचे ‘शोमरोनी’ हे नाव त्याच्या तोंडून निघत नाही. ज्याने त्याच्यावर दया केली तो, एवढेच तो म्हणतो. दाखला त्याला कळला आहे आणि तरी तो त्याच्या घशात अडकला आहे. संत ऑगस्टीन यांनी याच दाखल्यात जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा आणि उतारशाळेचा रक्षक म्हणजे पौल, असे एकेका तपशिलाचे अर्थ लावले. त्यांतील भक्ती मला मोलाची वाटते, पण तशा वाचनात शास्त्र्याला विचारलेला प्रश्न मागे पडतो आणि आपण सुरक्षित राहतो.

निर्दय चाकराच्या दाखल्यातील आकडेही असेच काम करतात. दहा हजार तालांत म्हणजे सुमारे ६ कोटी दीनार, आणि दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. इतके कर्ज माफ झालेला चाकर सोबत्याची मानगूट धरतो ती १०० दीनारांसाठी. हिशेब ऐकणाऱ्याने स्वतः करायचा असतो.

उत्तर ४

मी ख्रिस्ती नाही, पण जुने मराठी साहित्य शिकवतो, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे दृष्टांत त्याच पंथातील केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. तेथे आधी सूत्र, मग दृष्टांत आणि मग त्याचा अर्थ सांगणारे दार्ष्टांतिक, अशी रचना आहे. येशूच्या बहुतेक दाखल्यांना असे दार्ष्टांतिक जोडलेले नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्याला ते आहे, परंतु ते मागे राहिलेल्यांना एकांतात दिले जाते. मराठी वाचकाला दृष्टांताबरोबर अर्थही हाती मिळण्याची सवय असते, म्हणून हे न सांगणे त्याला ‘लपवणे’ वाटत असावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या रविवारी बी फोकून पेरणे तर करून दाखवीनच, शिवाय उधळ्या पुत्राचा दाखला थोरला भाऊ अंगणात उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालत आहे, येथपर्यंतच सांगेन, कारण लूकमध्येही तो तेथेच थांबतो. तो आत गेला की नाही, हे मुलांनाच विचारणार आहे. मात्र मार्कचे बारावे वचन वाचल्यानंतर मुले घाबरली तर काय करावे, एवढेच सांगावे.

उत्तर १ (पुन्हा)

ताई, ते वचन सौम्य करू नका. त्यात इशारा आहे आणि तो राहू द्यावा. फक्त बाराव्या वचनावर पुस्तक मिटू नका, लगेच तेरावे वाचा. रहस्य तुम्हाला दिले आहे, असे ज्यांना प्रभूने नुकतेच सांगितले, त्यांनाच तो विचारतो की, हा दाखला तुम्हाला समजला नाही काय, तर मग बाकीचे दाखले कसे समजतील? आणि इतके बोलून तो त्यांना पहिल्यापासून समजावून सांगू लागतो.