मदत हवी आहे : देवगडच्या बागेतला लोरा सेन्सर घरापर्यंत पोचत नाही

सड्यावरचा_हापूस
मोहोर फुटलाय आणि मी तीन दिवस वायरींशी झटतोय. बागेतलं तापमान, दमटपणा घरी दिसला तर भुरी रोगावरची फवारणी अंदाजाने करावी लागणार नाही. म्हणून लोरा घेतलं, सिमशिवाय रेडिओने लांबवर माहिती पाठवणारं. पडवीत ठेवलं की झकास चालतं. बागेत नेलं की मुकं. विकणारा म्हणाला, १० किमी जातं. काय चुकतंय? लवकर सांगा.

खाडीकाठचा
बाग किती लांब? मॉड्यूल कुठलं? अँटेना?

सड्यावरचा_हापूस
७०० मीटर. मॉड्यूल साधंच.

खाडीकाठचा
साधं म्हणजे?

मोबाईलमास्तर
सिम टाका, कटकट नको.

सड्यावरचा_हापूस
सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, रेंज असती तर लोरा कशाला घेतलं असतं!

पुणेरी_जोडणी
स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती हळू पाठवायचा, ते ठरवणारा आकडा) ७ वर असेल, १२ करा. प्रत्येक पायरीला कमकुवत सिग्नल पकडण्यात अडीच डेसिबलच्या आसपास फायदा.

खाडीकाठचा
आणि तोच संदेश वीसेक पट वेळ हवेत राहील, बॅटरी कोण भरणार? आधी अँटेना बघू दे.

पुणेरी_जोडणी
बॅटरीला सोलर लावा. प्रत्येक गोष्टीत अँटेना कशाला?

शेअरवाला_काका
लोरा सेमटेक कंपनीचं ना? डेटा सेंटरमुळे चर्चेत आहे म्हणे. शेअर घ्यावा का?

दादरचा_चाकरमानी
काका, कंपनी १९६० ची, कॅलिफोर्नियातली. लोरा त्यांनी २०१२ मध्ये फ्रान्सची सायक्लिओ विकत घेऊन मिळवलं. २०२३ मध्ये सिएरा वायरलेस घेतली. डेटा सेंटरच्या केबलमध्ये सिग्नल टिकवणाऱ्या चिप हा वेगळाच धंदा आहे. आंब्याच्या बागेवरून शेअरचा भाव ठरत नाही.

सड्यावरचा_हापूस
मला शेअर नको, सिग्नल हवाय!! अँटेनावर बारीक अक्षरात ४३३ लिहिलंय. मॉड्यूलवर ८६८.

खाडीकाठचा
मिळालं! अँटेना ४३३ मेगाहर्ट्झची, मॉड्यूल ८६८ चं, जुळतच नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय चालतं, अँटेना त्याच पट्ट्याची हवी. पडवीत अंतरच नसतं, म्हणून चुकीची अँटेनाही चालून जाते. आणि अँटेना काढून पाठवायचा प्रयोग करू नकोस, चिप जळू शकते.

सड्यावरचा_हापूस
काल तोच केला होता.

खाडीकाठचा
अरे देवा. पडवीत अजून चालतं का, बघ.

सड्यावरचा_हापूस
चालतंय. अँटेना मागवली, चार दिवस लागतील. तोवर दोन वेळा सड्यावर चढणं आलंच.

मालवणी_माडी
भुरीक गंधक मारतास मां?