हार्डविक हॉल: एवढ्या काचेचा भार पेलतं कोण?

प्रश्न (आराखडा): इंग्लंडच्या डर्बीशायरमधला हार्डविक हॉल हा वाडा १५९० ते ९७ मधला, वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा. लोखंडी सांगाडा नाही, तरी दर्शनी बाजूला दगड कमी आणि काच जास्त. त्यातही सर्वांत उंच खिडक्या सर्वांत वर! मग वजन उतरतं कुठून?

ताशीवदगड: नकाशा पाहा, दर्शनी बाजू नको. घराच्या लांबीभर मधोमध एक जाड भिंत जाते, फक्त मधला मोठा हॉल तिला छेदतो. शेकोट्या आणि धुराडी बहुतेक याच भिंतीत घेतली आहेत. बाहेरच्या भिंतींतून धुराड्यांचं ओझं गेलं, म्हणून तिथे खिडक्यांना जागा झाली. शिवाय सहा बुरूज कडांना टेकू देतात. हा मधला हॉल दर्शनी बाजूला समांतर न ठेवता समोरून मागे आरपार नेणं ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवी गोष्ट होती, आणि मला स्मिथसनची खरी हुशारी तिथेच दिसते.

गवाक्ष: एक भर घालतो. सगळ्या खिडक्या खऱ्या नाहीत. बाहेरची सममिती राखायला काही ठिकाणी काच बसवली आहे, मागे मात्र धुराडं किंवा भिंत आहे. उंचीचं कारण मानाचं: तळमजला नोकरवर्गाचा, पहिला कुटुंबाचा, दुसरा दरबारी. घराची मालकीण बेस हिचा भव्य दिवाणखाना आणि लाँग गॅलरी (लांबलचक दालन) दुसऱ्यावरच.

आराखडा: धन्यवाद, धुराड्यांचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. अशा खिडक्यांची दुरुस्ती करताना बिघडतं काय?

चुनाकाम: मुख्य शत्रू गंज. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचा तांब्याच्या तारेने आडव्या लोखंडी सळ्यांना बांधतात. सळईची टोकं दगडात रुतलेली असतात. पाणी शिरलं की गंज फुगतो आणि उभा दगडी दांडा टोकापाशी तडकतो. म्हणून सळई काढून टोकं स्टेनलेस किंवा कांशाची जोडायची, खाच चुन्याने भरायची. दुसरं, दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने कधीच भरू नका. इथला वालुकाश्म टेकडीखालच्या खाणीतला, मऊ आहे. सिमेंटमुळे ओल दरजेतून बाहेर पडत नाही, दगडातून पडते, आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. आधी हाताने छिन्नीने दरजांतला जुना भराव काढा; ग्राइंडर दगडाची कड खातो. दरजा भिजवून मगच चुना भरा, आणि थंडीत गोठू नये म्हणून गोणपाटाने झाका.