ड्रॉ ३१ इंच: लाँग लिंब्ज की २७चा रायझर?

लोकमान्यनगरकर

मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच, अजून वाढतोय. इथेच इंदुरात रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकवालं धनुष्य, शिकतो. सध्या २५ इंची रायझर (हातात धरायचा मधला दांडा) आणि ३० पौंड ओढीचे मीडियम लिंब्ज (वर-खालच्या वाकणाऱ्या पात्या), म्हणजे ६८ इंची बो. ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायचं अंतर, ३१ इंच. त्याचे सर म्हणतात लाँग लिंब्ज घाला, ७०चा करा. दुकानदार म्हणतो एवढ्या उंच पोराला २७चाच रायझर हवा, त्यावर लाँग म्हणजे ७२. सरावाला येणारा एक सिनिअर म्हणतो मीडियमच राहू द्या, बाण सुसाट जातो. (सासूबाईंना वाटतं हे सगळं लोणच्याच्या लिंबांबद्दल चाललंय.)

मी आपली वेगळीच वाट धरली. बाणावर पेनाने खुणा केल्या, सामान तोलायचा डिजिटल काटा दोरीला अडकवला आणि गॅलरीत पोराला ओढायला लावलं. मीडियम लिंब्जवर २८ इंचांना १३.७ किलो, २९ला १४.७, ३०ला १५.८ आणि ३१ला १७.२. म्हणजे आधी इंचाला किलोभर वाढत होतं, शेवटच्या इंचाला एकदम १.४, तीन पौंडांच्या वर. मग मैदानावरच्या एका मुलीचे ३० पौंडीच लाँग लिंब्ज तिच्या दोरीसकट तासाभरासाठी मागून आणले. १३.५, १४.५, १५.५, १६.६. शेवटचा इंच फक्त १.१.

क्लिकर, म्हणजे ड्रॉ पूर्ण झाला की टक् वाजणारी पट्टी, त्या शेवटच्या इंचातच वाजतो. तिथे बो भिंतीसारखा कडक झाला तर पोर क्लिकरशी कुस्ती खेळणार. म्हणून माझं मत: लाँग घ्यावेत, रायझर आहे तोच ठेवावा. पटत नसेल त्यांनी बोला.

जुना_टॅब

ताई, काटा छान वापरलात, पण काट्याला बोटं नसतात. ३१ ओढल्यावर ७०च्या बोवरही दोरीचा कोन बराच चिंचोळा होतो. मुलाच्या तर्जनीचं आणि अनामिकेचं पेर बघा. अनामिकेच्या बाहेरच्या कडेला लाल रेघ उमटत असेल तर बोटं चिमटली जाताहेत. माझी उंची सहा-दोन. ७० वरून ७२वर गेलो आणि महिनाभरात अनामिकेचा घट्टा गेला. वेगाची काळजी त्या सिनिअरला करू द्या. लांब ड्रॉवाल्याला दोरी ढकलायला मुळातच जास्त अंतर मिळतं, बो दोन इंच लांब झाला तरी त्याचं फारसं काही जात नाही. २७चा घ्या.

कोरडा_बाण

जोरदार असहमत. २७चा रायझर म्हणजे डाव्या हातात जास्तीचं वजन, त्यात स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारे दांडे). सतराव्या वर्षी खांदा अजून भरलेला नसतो. दिवसाला दोनशे बाण सोडून बघा, शेवटचे पन्नास कुठे जातात ते. दुसरं, लिंब्जवर छापलेलं ओढीचं वजन साधारण २५च्या रायझरवर २८ इंचांचं असतं. तेच लिंब्ज २७वर लावले की दोनेक पौंड कमी भरतात. म्हणजे रायझरचे पैसे वेगळे आणि वजन भरून काढायला जड लिंब्ज वेगळे.

आणि कुणीतरी तुम्हाला हेही सांगेल की मोठ्या रायझरवर लांब ड्रॉला क्लिकर नीट बसतो. खोटं आहे. रायझर उंच होतो, पुढे सरकत नाही. क्लिकर कडेला आला असेल तर एक्स्टेंशन लावा, त्याला किती पैसे लागतात!

पोहेवाला_भिया

भिया, एवढी डोकेफोड कशाला? ओजस देवतळेनं २०२३मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले. त्याचा बो तर केवढासा दिसतो!

कोरडा_बाण

तो कंपाउंड आहे हो! त्याला कॅम (टोकांना चाकं) असतात, ठरलेल्या ड्रॉला पोचलं की बो थांबतो आणि हातातलं वजनही उतरतं. इथे रिकर्व्हचं चाललंय. पोहे संपवा आणि धागा वरपासून वाचा.

बडोद्याचा_नेम

सगळे इंच धरून बसलेत, पण हे ३१ आले कुठून? नॉकपासून (बाणाच्या शेपटाचा दोरीत बसणारा तुकडा) बाणाच्या टोकापर्यंत मोजलेत की काय? ड्रॉ लेंथ मोजतात ती नॉकच्या खाचेपासून ग्रिपच्या खोलगट बिंदूपर्यंत, अधिक पावणेदोन इंच. बाणाची लांबी आणि ड्रॉ यांची गल्लत करून लोक भलतेच लिंब्ज विकत घेतात.

आणि मोजमाप बरोबर असलं तरी त्या पोराच्या ठेवणीचं काय? उंच मुलं कमरेतून मागे रेलतात, छाती वर काढतात, ड्रॉ आपोआप वाढतो. माझा ३०चा ड्रॉ सरांनी बरगड्या खाली बसवल्यावर २९वर आला. माझे लाँग लिंब्ज आता पलंगाखाली आहेत. मी म्हणेन आत्ता काहीच घेऊ नका.

लोकमान्यनगरकर

खाचेपासून प्लंजरच्या (बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची कळ) भोकापर्यंत २९ आणि पाव, त्यात पावणेदोन मिळवले. भोक ग्रिपच्या बरोब्बर वरच येतं. दोन्ही हात पसरून या बोटाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत १९४ सेंटिमीटर भरतात, त्याला अडीचाने भागलं तर इंचांत साडेतीसच्या वर येतात. म्हणजे ३१ काही हवेतले नाहीत. रेलण्याचं मात्र बघावं लागेल. व्हिडिओत डावा खांदा उचललेला दिसतो खरा.

जुना_टॅब, अनामिकेवर रेघ आहे. पण ती मीडियमवरची. लाँगवर तासाभरात काय कळणार?

ग्वाल्हेरकर

मी त्या सिनिअरच्या बाजूने. मीडियम म्हणजे वाईट आणि लाँग म्हणजे चांगला हे समीकरण जुन्या लाकडी गाभ्याच्या लिंब्जचं. हल्लीचे फोम-कार्बनचे, टोकाला जास्त वळलेले लिंब्ज मीडियममध्येही ३१पर्यंत मऊ जातात. स्वस्त लाँग घेण्यापेक्षा चांगले मीडियम घ्या, निशाणीही (साइटची खूण) वर राहते. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये किम वूजिनने ब्रॅडी एलिसनला शूट-ऑफमध्ये हरवलं ते ४.९ मिलिमीटरने. त्या पातळीला सगळं मोजलं जातं.

जुना_टॅब

त्या पातळीला! आपलं पोर अजून क्लिकरला घाबरतंय. आणि चांगले फोम-कार्बन घेतलेत तरी वर्षभरात त्याचं पौंडेज वाढणार. ३० छापलेल्या लिंब्जचे बोल्ट पूर्ण पिळले तरी वजन वरखाली मिळून दहाएक टक्केच बदलतं. सत्तर मीटरवर पुढे जड लिंब्ज लागणारच. तेव्हाचे पैसे आत्ता जाळायला सांगताय.

ग्वाल्हेरकर

आणि २७चा रायझर फुकट मिळतो वाटतं.

लोकमान्यनगरकर

भांडू नका. लाँगच मागवतेय, साधे लाकडी गाभ्याचे, ३० पौंडीच. सोबत ७०ची दोरी, जुनी पुरणार नाही. रायझर तोच. बडोद्याचं ऐकून आधी पंधरा दिवस बाजूने व्हिडिओ काढणार आणि ३१चे साडेतीस झाले तर इथे येऊन कबूल करणार. एकच विचारायचंय, नवे बाण आलेत, पूर्ण लांबीचे. कापायला देऊ का?

कोरडा_बाण

नाही! क्लिकरवर तुमच्याच आकड्यांनी सव्वा पौंड उतरलंय, त्यात कापले तर बाण आणखी ताठ वागेल, म्हणजे सुटताना कमी वाकेल. लिंब्ज येऊ द्या, फ्लेचिंग (पिसं) नसलेला बाण सोडून बघा, मग पाव-पाव इंच.

जुना_टॅब

ठीक. अनामिकेचा फोटो महिन्याभराने टाका. २७चा माझ्याकडे एक जुना पडलाय, तोवर विकत नाही.