घरातल्या वस्तू आणि डागडुजीची नोंद स्वतःच्या सर्व्हरवर: होमबॉक्स की ग्रोसी? मदत हवी आहे

आमचं डिचोलीतलं घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. बारा महिने तिथे आई एकटीच. मी पुण्याला, दोघे चुलतभाऊ मुंबईला. एकत्र येतो ते चवथीला, म्हणजे गणपतीत. कौलांची शाकारणी, विहिरीचा पंप, इन्व्हर्टर ही कामं मात्र तिघांत वाटलेली.

आजवरची नोंदवही म्हणजे आईचं भिंतीवरचं कॅलेंडर. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘बॅटरीत पाणी घातलं’, ‘पंपवाला येऊन गेला’. वर्ष संपलं की कॅलेंडर उतरतं, नोंदी त्याच्याबरोबर जातात. या जूनमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी बसली. वॉरंटी शिल्लक होती, पण बिल थर्मल कागदावरचं. प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढलं तर हातात कोरा, पिवळट कागद. दुकानदाराने बिलाशिवाय काही ऐकलं नाही. आईला फार लागलं ते.

म्हणून तिथल्या घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) होमबॉक्स हा घरच्या वस्तूंची नोंद ठेवणारा प्रोग्राम बसवला. माजघर, माळा, विहीर अशा जागा केल्या, बिलांचे फोटो आणि वॉरंटीच्या तारखा भरल्या, पंपाच्या पेटीवर क्यूआर लेबल चिकटवलं. वस्तूंसाठी हे उत्तमच. देखभालीचीही नोंद होते, पण एक काम झालं की पुढची तारीख आपोआप पडावी, अशी सोय मला त्यात सापडली नाही. ग्रोसी या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ती आहे, शिवाय काम कोणी केलं तेही दिसतं. पण ते मुळात वाणसामानाचं. ते विभाग सेटिंगमधून बंद केले तरी आईला जमेल का, ही शंका आहे.

माझी खरी अडचण वेगळीच. बॅटरीचं पाणी शेवटचं घातलं तिथून मोजायचं. शाकारणी मात्र एप्रिलमध्येच व्हायला हवी. गेल्या खेपेला माणसं मिळेपर्यंत मे उजाडला, पण तिथून वर्ष मोजून पुढची तारीखही मेमध्ये पडली तर चालणार नाही, एखादा वळीव आला की माळ्यावरचं सगळं भिजतं. ही दोन्ही गणितं एकाच ठिकाणी कोणी बसवली आहेत का? की वस्तू होमबॉक्समध्ये आणि कामं ग्रोसीत, असं दोन्ही चालवता?

दुसरं, पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते आणि सगळं एका एसडी कार्डावर आहे. एसक्यूलाइटची (सगळ्या नोंदी असलेली डेटाबेसची) फाइल रोज पुण्याला आणायची तर कंटेनर थांबवूनच कॉपी करावी का? दोन्हीकडची यंत्रं खाजगी जाळ्याने जोडणारं टेलस्केल आहे.

चवथीला भाऊ घरी असतील, तेव्हाच त्यांच्या आणि आईच्या फोनवर बसवून द्यायचं आहे.