‘वितरण’ म्हणजे कोणतं वितरण? बाह्यसहाय्यित प्रकल्पांच्या नोंदींतले शब्द

प्रशिक्षण टिपणं, यवतमाळ
तालुक्याच्या कर्मचाऱ्यांसाठी मराठी टिपणं तयार करून राहिलो आहे. जागतिक बँक, आयफॅड (संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी) यांच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांची माहिती प्रणालीत कशी भरायची, हा विषय. वर्गात समूह सहायक, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), लेखा लिपिक आणि संगणक चालक असतात. पडद्यावर तीन रकाने आहेत : कमिटमेंट, डिसबर्समेंट, एक्स्पेंडिचर. त्यांना मी बांधिलकी, वितरण, खर्च असे शब्द दिलेत. चालतील का? आणि ‘डेटा’ला ‘विदा’ लिहू का?

लेखा शाखा, अमरावती
‘खर्च’ ठेवा, बाकी दोन्ही बदला.

बांधिलकी माणसाची तत्त्वाशी असते. इथे अर्थ आहे करारात कबूल केलेली रक्कम, तेव्हा ‘करारित रक्कम’ म्हणा. पोकराचंच बघा (कागदावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प). २०१८ मध्ये जागतिक बँकेने मंजूर केलेलं कर्ज ४२ कोटी डॉलरचं. करार झाला की ही रक्कम एकदाच, कराराच्या तारखेला नोंदवायची. पुढे रक्कम वाढली किंवा काही भाग रद्द झाला, तर जुना आकडा खोडायचा नाही. फरकाची नवी नोंद करायची, अधिक किंवा वजा चिन्हासह. खोडून नवा आकडा लिहिला की मागच्या वर्षीचा अहवाल आणि आजची प्रणाली जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कुणालाच सांगता येत नाही.

खरी भानगड ‘वितरण’ची. आपल्या कचेरीत हा शब्द तीन ठिकाणी राबतो. बीडीएसवर (तरतूद वाटपाच्या शासकीय संगणक प्रणालीवर) मंत्रालयातून तरतूद खाली येते, तेव्हा शासन निर्णयात ‘निधी वितरित करण्यात येत आहे’ असं असतं. ती फक्त खर्च करायची मुभा, पैसा जागचा हललेला नसतो. शेतकऱ्याच्या खात्यात ठिबकचे पैसे पडले की तेही वितरण. आणि बँकेने भारत सरकारला रक्कम दिली की इंग्रजीतल्या ‘डिसबर्समेंट’साठी पुन्हा वितरणच.

समजा एका कार्यालयाला बीडीएसवर ५० लाख आले. त्यातून ३२ लाख शेतकऱ्यांना गेले. बँकेचा वाटा ७० टक्के धरला तर २२ लाख ४० हजारांची मागणी वर गेली आणि ती बँकेने दिली. लिपिकाने तिन्ही ‘वितरण’ रकान्यात टाकले, तर बेरीज १ कोटी ४ लाख ४० हजार. प्रत्यक्ष काम झालं ३२ लाखांचं.

मराठी विभाग, वर्धा
मग ‘संवितरण’ का नको? शब्द कचेरीत आधीपासून आहे. आहरण व संवितरण अधिकारी हे पदनाम सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘सम्’ उपसर्गाने नीट, पूर्णपणे वाटून देणं असा अर्थ येतो. नवा शब्द घडवण्यापेक्षा जुन्याला काम द्यावं.

लेखा शाखा, अमरावती
ताई, शब्द चांगला आहे, पण तो नेमका उलट्या टोकाला बसलाय. आहरण व संवितरण अधिकारी कोषागारातून पैसे काढतो आणि पुरवठादाराला, ठेकेदाराला, शेतकऱ्याला देतो. विकासनिधीची माहिती जाहीर करायचं आयएटीआय नावाचं जे आंतरराष्ट्रीय नमुना-स्वरूप आहे (२००८ मध्ये अक्रा इथे सुरू झालेलं), त्याच्या हिशेबाने वस्तू आणि सेवांवर गेलेला पैसा म्हणजे ‘एक्स्पेंडिचर’, सांकेतांक ४. ‘डिसबर्समेंट’, सांकेतांक ३, म्हणजे दुसऱ्या सरकारच्या किंवा संस्थेच्या हवाली केलेला पैसा, जो पुढे ती संस्था खर्च करेल. ‘संवितरण’ लिहिलं की लिपिक आपल्या साहेबांचं पदनाम आठवणार आणि चारची नोंद तीनमध्ये घालणार.

त्यात आणखी एक पेच आहे. तोच पैसा बँकेच्या वहीत ३ आणि घेणाऱ्याच्या वहीत १, म्हणजे ‘आलेला निधी’. कबूल रकमेचंही तसंच : देणाऱ्याकडे २, घेणाऱ्याकडे ११. म्हणून शब्द ठरवण्याआधी वही कोणाची ते ठरवा. माझी सूचना अशी, की नामाऐवजी क्रियापद ठेवा. ‘कबूल केले’, ‘हवाली केले’, ‘खर्ची पडले’, ‘आले’. पडद्यावर जरा गावठी दिसेल. चूक मात्र होणार नाही.

समूह सहायक, दारव्हा तालुका
‘हवाली केले’ झकास आहे, भाऊ. आमच्याकडे प्रश्न निराळाच येते. प्रणाली लाल पट्टी दाखवते की खर्च हवाली रकमेपेक्षा जास्त आहे. मग पोरं घाबरून खर्चच कमी करून टाकतात.

लेखा शाखा, अमरावती
ती लाल पट्टी चुकीची आहे, खर्च नाही. इथे ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द शिकवावाच लागतो. आपल्याकडे बहुतेक बाह्यसहाय्यित प्रकल्पांत राज्य आधी स्वतःच्या अर्थसंकल्पातून खर्च करतं. मग खर्चाचं विवरणपत्र किंवा अंतरिम वित्तीय अहवाल वर जातो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांचं कार्यालय आहे. तिथून मागणी बँकेकडे जाते, बँक भारत सरकारला पैसे देते, आणि केंद्राकडून ते राज्याला मिळतात. म्हणजे खर्च आधी आणि ‘हवाली’ नंतर, मध्ये काही महिने. वर्षभर खर्चाचा आकडा पुढे राहणं हीच निरोगी स्थिती. तो सतत मागे असेल, तर अग्रिम रक्कम पडून आहे का ते बघा.

वर्गात फळ्यावर हा पैशाचा फेरा एकदा काढून दाखवा. ‘आधी पैसा येतो, मग खर्च होतो’ हे घरच्या हिशेबाचं गणित डोक्यातून निघत नाही, तोवर प्रत्येक जण तारखा उलट्या टाकतो.

संगणक चालक, धारणी
अग्रिम म्हणजे आमच्या पंचायत समितीतली तसलमात का?

लेखा शाखा, अमरावती
होय. तसलमात नोंदवहीतला शब्द इथे फार कामाचा. मेळाव्यासाठी कर्मचाऱ्याला ४० हजार उचल दिली, तर ती तसलमात. पावत्या आल्या ३६ हजार ५०० च्या, उरलेले ३,५०० परत भरले. खर्च ३६ हजार ५००, आणि तारीख समायोजनाची, म्हणजे उचलीचा हिशेब मिटला त्या दिवसाची. उचल दिली त्या दिवशी ४० हजार ‘खर्च’ टाकले, की मार्चअखेरचा अहवाल फुगतो आणि पुढे लेखापरीक्षणात ती फुगलेली रक्कम नामंजूर होते. बँक नामंजूर खर्चाची प्रतिपूर्ती देत नाही.

मराठी विभाग, वर्धा
हा शब्द फारसी-अरबी वळणाचा, मूळ ‘तस्लीम’, म्हणजे सुपूर्द करणं. गंमत अशी, की वर सुचवलेल्या ‘हवाली’तला ‘हवाला’ही त्याच गोतातला. मोडी दफ्तरापासून हिशेबात हीच कुळी चालत आली आहे, तेव्हा ‘हवाली केले’ला परकं म्हणायची सोय नाही. हवालाच्या धंद्याची आठवण कुणाला आली तर मात्र इलाज नाही.

प्रशिक्षण टिपणं, यवतमाळ
क्रियापदं घेतो. आता ‘अनुदान’. पडद्यावर निधीचा प्रकार निवडायचा असतो. ‘ग्रँट’ला अनुदान, ‘लोन’ला कर्ज असं लिहिलंय. सराव-लॉगिनवर जवळपास सगळेच अनुदान निवडतात.

समूह सहायक, दारव्हा तालुका
काहून नाही निवडणार? गावात दुसरा शब्दच नाही ना, बाप्पा. ठिबकचं अनुदान, विहिरीचं अनुदान, अतिवृष्टीचं अनुदान, शाळा बी अनुदानित. पोर्टलवर शेतकऱ्याचा अर्ज उघडला तर तिथंही अनुदानच लिहिलं असते. त्याच फाइलचा पैसा वरून कर्ज म्हणून आला, हे त्याले कसं कळणार?

लेखा शाखा, अमरावती
बरोबर, आणि ही शब्दाची चूक आहे, माणसाची नाही. एकाच पैशाचे दोन टप्पे आहेत. बँक ते भारत सरकार : प्रमाणित कर्ज, सांकेतांक ४२१. शासन ते शेतकरी : अनुदान, जे परत करायचं नाही. ‘ग्रँट’, सांकेतांक ११०, फक्त देणाऱ्यानेच परतफेड मागितलेली नसेल तेव्हा. पडद्यावर ‘बिनपरतीचा निधी’ आणि ‘परतफेडीचा निधी’ असं लिहा, आणि खाली एक ओळ : ‘शेतकऱ्याला काय मिळालं ते नव्हे, शासनाला कसं मिळालं ते निवडा.’

याच कारणाने टिपणाच्या मथळ्यातली ‘परकीय मदत’ही काढा. बँकेच्या आयबीआरडी शाखेचं कर्ज हे बाजारभावाच्या जवळपासचं कर्ज आहे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या मोजणीत ते सवलतीच्या विकास साहाय्यात धरतच नाहीत. ‘बाह्यसहाय्यित प्रकल्प’ हा शासकीय शब्द बोजड आहे, पण खोटा नाही.

मराठी विभाग, वर्धा
आणि स्वयंसेवी संस्थांना बाहेरून जे येतं ते तिसरंच. त्याला कायद्यातला शब्द ‘विदेशी अभिदाय’, कायदा २०१० चा. त्याचं खातं, विवरणपत्र, मंत्रालय सगळं वेगळं. टिपणात एका वाक्यात सांगून सोडून द्या.

संगणक चालक, धारणी
शब्दांच्या अर्थावर बरंच झालं. आता शब्दांच्या अक्षरांवर बोलतो, कारण माहिती नाकारली जाते ती तिथेच.

गावाचं नाव जुळवणीसाठी कधीच वापरू नका. ‘कुऱ्हा’ घ्या. यातला ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : एकदा नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यांदा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक्सेल त्यांना दोन गावं मानतं. वऱ्हाडात अशी नावं कमी आहेत का? त्यात जुन्या याद्या कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या युनिकोडपूर्व टंकांत टंकलेल्या, त्या चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. यादी आधी युनिकोडमध्ये आणा, फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करा. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत फिरत नाहीत.

जुळवणी गावाच्या सहा अंकी कोडवर. इथे ‘क्रमांक’ हा शब्द दगा देतो. आपल्याकडे पटवारी हलका नंबर असतो, तो ‘प.ह.नं.’ म्हणून सातबाऱ्यावर दिसतो, आणि पोरं तोच टाकतात. एका हलक्यात चार-पाच मौजे असू शकतात. रिठी गावांचाही कोड असतो, पण तिथे वस्ती नाही. रिठीवर २०० लाभार्थी दिसले, तर शेजारच्या गावाचा कोड चुकून लागला असं समजा.

प्रशिक्षण टिपणं, यवतमाळ
अक्षांश-रेखांशाचंही सांगा. मोका तपासणीचे फोटो जोडतात तेव्हा गोंधळ होतो.

संगणक चालक, धारणी
विदर्भासाठी सोपी खूण : अक्षांश १८ ते २२ च्या आत, रेखांश ७५ ते ८१ च्या आत. लहान आकडा आधी. यवतमाळ साधारण २०.३९, ७८.१३. उलटं टाकलं तर शेततळं थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडतं. प्रणाली ते मुकाट घेते, कारण ७८ हा अक्षांश म्हणून वैधच आहे. ७८ च्या जागी १०० वगैरे असता तर तिने अडवलं असतं. एक्सेलमध्ये हद्दीची अट लावून ठेवा. दशांशाचे किमान चार अंक ठेवा. दोनच ठेवले तर जागा अर्ध्या-एक किलोमीटरने सरकते आणि तळं दुसऱ्याच्या शेतात दिसतं.

रकमेत स्वल्पविराम नको, ‘रु.’ नको, आणि ‘रक्कम लाखात’ असा मथळा असलेला तक्ता तसाच चिकटवू नका. ३२ लाखांच्या जागी ३२ रुपये जातात. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, एवढं भिंतीवर लावा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. ०३/०४/२०२४ हे एक्सेलच्या मांडणीप्रमाणे ३ एप्रिल किंवा ४ मार्च होतं, आणि आपल्याकडे त्या दोन तारखांत आर्थिक वर्षच बदलतं.

समूह सहायक, दारव्हा तालुका
खात्यातून परत आलेल्या रकमेले काय म्हणायचं? ‘परतावा’ म्हणलं तर लोकाले बँकेचं व्याज वाटते.

लेखा शाखा, अमरावती
‘परत आलेली रक्कम’, सरळ. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेला असला किंवा खातं बंद असलं की असं होतं. मूळ नोंद पुसू नका, त्याच रकमेची वजा नोंद परतीच्या तारखेला करा. पुन्हा पाठवली की तिसरी नोंद. कर्जाची ती ‘परतफेड’, तो शब्द इथे आणूच नका.

वर्ग घेताना पहिले दोन तास संगणक बंद ठेवा, असंही सुचवतो. एका बंद झालेल्या कामाची फाइल घ्या : पूर्वसंमती, देयक, मोका तपासणी, प्रदान आदेश. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहायला लावा : पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, खरोखर हलला का, कोणत्या तारखेला. पूर्वसंमतीवर ‘हलला नाही’ असं लिहिता आलं, की तो माणूस पुढे तीन आणि चारमध्ये चुकत नाही. भरणारा आणि तपासणारा वेगळे ठेवा. दोघांच्या लॉगिनचा पासवर्ड एकाच चिठ्ठीवर असतो तिथे तपासणी फक्त नावाला.

प्रशिक्षण टिपणं, यवतमाळ
टिपण बदलतो. ‘विदा’चं राहिलंच.

मराठी विभाग, वर्धा
मराठी संगणकलेखनात रुळलाय आणि आटोपशीर आहे. परिभाषेतल्या ‘आधारसामग्री’पेक्षा मला बरा वाटतो.

समूह सहायक, दारव्हा तालुका
ताई, इकडं विदा म्हणजे पोरीची पाठवणी. अर्ध्या वर्गाले हिंदीच आठवते. ‘विदा व्यवस्थापन’ वाचून लोक मंगल कार्यालय शोधतीन.

मराठी विभाग, वर्धा
मग ‘आकडेवारी’?

संगणक चालक, धारणी
गावांची नावं, फोटो, तारखा ही आकडेवारी कशी होईल? आणि नुसता ‘आकडा’ म्हटलं तर आमच्याकडे तारेवर टाकतात तो. ‘माहिती’ लिहा, एकेका ओळीला ‘नोंद’ म्हणा. बोलताना सगळे डाटाच म्हणणार आहेत.