‘केबी’ सेल लाइनचे मूळ कसे शोधावे?

प्रश्न (वाशी): आमच्या प्रयोगशाळेतील द्रवनायट्रोजनच्या टाकीत सेल लाइनची, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींची, एक जुनी कुपी सापडली असून तिच्यावर पुसट अक्षरांत ‘केबी, मुखकर्करोग’ एवढेच लिहिले आहे, ती कुणाकडून आली, याची वहीत नोंद नाही. मूळ कसे शोधावे?

उत्तर (ठाणे): प्रथम सेलोसॉरस या सेल लाइनच्या ऑनलाइन कोशात नाव पाहावे. केबी ही वस्तुतः हेला, म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळालेल्या पेशींचीच शाखा असल्याची नोंद तेथे आढळेल.

उत्तर (खारघर): कोश नावाची हकिकत सांगतो, कुपीतील पेशींची नव्हे, त्यामुळे एसटीआर चाचणी (डीएनएमधील पुनरावृत्त तुकड्यांवरून पेशींची ओळख पटवणारी) करून मिळालेला आराखडा कोशातील आराखड्याशी ताडून पाहावाच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डीएनए उद्याच पाठवतो. या पेशी मुखकर्करोगाच्या समजून लिहिलेल्या जुन्या प्रबंधांची धास्ती मात्र आताच वाटू लागली आहे.